जुन्या लॉजचा इतिहास कसा काढायचा

मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी स्टेशन, एसटी स्टँड नाहीतर मोंढा (धान्याचा बाजार) यांच्या आसपास एखादा जुना दुमजली लॉज असतोच. खाली हॉटेल, पानटपरी, एखादा स्टेशनरीचा गाळा. वर लांब व्हरांडा, एका ओळीत खोल्या आणि टोकाला सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. रात्रीपुरते मुसाफिर तिथे येतातच, पण महिनेवारी राहणारेही असतात: बदलीवर आलेला कारकून, मोंढ्यातला मुनीम, औषध कंपनीचा माणूस, रिटायर होऊन एकटा पडलेला मास्तर. इमारत पाडायला निघाली की गावाला तिची आठवण येते आणि पेपरात ‘निजामकालीन लॉज इतिहासजमा’ अशी ओळ छापून येते. बहुतेक वेळा त्यातली इमारत निजामाच्या काळातली असते, लॉज नसतो.

म्हणून पहिल्या दिवशीच वहीचे तीन भाग करा. एक जागेचा आणि इमारतीचा, दुसरा धंद्याचा, तिसरा राहणाऱ्या माणसांचा. तिन्हींचे कागद वेगळे, कचेऱ्या वेगळ्या आणि सुरुवातीची सालेही वेगळी. १९३५ साली एखाद्या व्यापाऱ्याने राहते घर बांधले, १९५८ साली त्याच्या मुलाने वरचा मजला चढवून लॉज काढला आणि १९७० नंतर निम्म्या खोल्या महिनेवारीवर गेल्या, असा क्रम असू शकतो. तिन्ही एकाच ओळीत लिहायला गेलात की ‘१९३५ पासूनचा लॉज’ तयार होतो आणि पुढचे सगळे लोक तेच उतरवून घेतात.

आधी परवानगी

मालकाकडे जाताना एक पानाचे पत्र लिहून न्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट असू द्या: काय बघायचे आहे, कशाचे फोटो काढणार, मुसाफिरांची नावे कुठेही छापणार नाही, आणि उत्पन्नाचे आकडे नको आहेत. शेवटची गोष्ट महत्त्वाची. जुन्या लॉजवर भावकीचा, भाडेकरूचा नाहीतर घरपट्टीचा काही ना काही वाद असतोच. नवा माणूस कागद मागू लागला की तो बिल्डरचा नाहीतर नगरपालिकेचा, असेच समजले जाते. भावांत वाटणी अडली असेल तर एकाच भावाची परवानगी पुरत नाही. दोघांना सांगा, नाहीतर निम्म्यात दार बंद होते.

काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत उरका. जुनी रजिस्टरे बहुधा जिन्याखाली किंवा माळ्यावर पोत्यात बांधून टाकलेली असतात. पावसाळ्यात ती ओली होऊन चिकटतात आणि उघडताना पाने निघून येतात. माळवदावर चढायचे असेल तर खालून तुळया बघून घ्या. वाळवीने आतून पोखरलेली तुळई बाहेरून रंग दिलेली, अगदी ठणठणीत दिसते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक सहज आत गेले तर वर जाऊ नका.

भिंती काय सांगतात

कचेरीत जाण्याआधी इमारत नीट पाहा, म्हणजे कोणत्या सालांचे कागद मागायचे ते कळते. सगळ्यात उपयोगाचे असते छत. मातीचे माळवद आणि सागवानी तुळया असतील तर तो भाग जुना. लोखंडी गर्डर टाकून त्यांत शहाबादी फरशी बसवलेले छत त्यानंतरचे, आणि स्लॅब त्याहून नंतरचा. एकाच इमारतीत तिन्ही सापडतात, तेव्हा खोलीवार नोंद करा. गर्डरच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. चुन्याचे थर ओल्या फडक्याने हळू पुसा आणि टॉर्च तिरपी धरून वाचा. विलायती कारखान्याचे नाव असेल तर माल आयातीचा. टाटांचे नाव असेल तर तो गर्डर १९१२ च्या आधीचा असू शकत नाही, कारण जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद त्या सालापासून निघू लागले. मात्र जुना गर्डर भंगारातून आणून नव्या कामात वापरायची पद्धत सर्रास होती. गर्डरवरून ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सिद्ध होते.

वायरिंगचेही तसेच. लाकडी पट्टीवर खिळलेली वायर आणि गोल लाकडी ठोकळ्यावरचे काळे खटके ही जुनी पद्धत. प्लॅस्टिकचा पाइप त्यानंतरचा. खोली क्रमांक १ ते ८ मध्ये लाकडी पट्टी आणि ९ ते १६ मध्ये पाइप असेल, तर पुढचा विंग नंतर वाढवला असा संशय घ्या आणि घरपट्टीच्या वहीत ते साल शोधा.

दारावरच्या कमानीत किंवा संगमरवरी पाटीवर साल असेल तर घाई करू नका. ‘१३४५’ असे कोरलेले असते. ते फसली (निजामाच्या राज्यातले सरकारी साल) असेल तर १९३५-३६, हिजरी असेल तर १९२६-२७. एकाच आकड्यात नऊ वर्षांचा फरक. आकड्यापुढे उर्दू ‘फे’ असेल तर फसली, ‘हे’ असेल तर हिजरी. काहीच नसेल तर दोन्ही शक्यता लिहून ठेवा. पाटी मूळ जागेवरच आहे का, हेही बघा. जुन्या वाड्याची पाटी नव्या भिंतीत बसवलेली असते, आणि नाव मालकाच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ असेल तर ते साल बांधकामाचे असेलच असे नाही.

लॉजच्या पत्र्याच्या बोर्डावर खाली फोन नंबर असतो. त्यातले अंक मोजा. तीन किंवा चार आकडी नंबर म्हणजे गावात मोजके फोन होते तेव्हाचा बोर्ड. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या एखाद्या वाचनालयात मिळाल्या तर त्या नंबरवरून साल बरेच अचूक काढता येते. दरपत्रकाचा बोर्ड त्याहून बोलका. आणे असतील तर तो १ एप्रिल १९५७ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरच्या थोड्या वर्षांतला.

कोणत्या गावचा कागद कोणत्या जिल्ह्यात

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. जालना १९८१ साली औरंगाबादेतून वेगळा झाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ साली परभणीतून. त्या आधीचे कलेक्टर कचेरीतले कागद जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात राहिलेले असू शकतात. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. उदगीरच्या जुन्या लॉजचा कागद लातुरात मिळत नाही म्हणून तो नाहीच असे ठरवू नका. अर्ज करताना त्या काळचे जिल्ह्याचे नाव लिहा आणि कंसात आजचे. रेकॉर्ड सांभाळणारा माणूस गठ्ठ्यावरच्या नावाने शोधतो, आणि गठ्ठ्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव लिहिलेले नसते.

पहिला कागद मालमत्ता पत्रक. नगर भूमापन झालेल्या गावात ते भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते, आता ऑनलाइनही. वरच्या भागात सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर, शीट नंबर, क्षेत्र, धारणाधिकार आणि मूळ धारकाचे नाव. खाली व्यवहारांच्या ओळी, तारखेसह. लोक फक्त नवीन धारकाचा रकाना वाचतात. ‘इतर भार’ आणि ‘इतर शेरे’ हेही वाचा, कारण बँकेचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, वक्फची नोंद तिथे सापडते. बोजा कोणत्या साली चढला ते बघितले की मजला कधी वाढवला याचा अंदाज येतो. कर्ज काढल्याशिवाय दहा खोल्या कोणी बांधत नाही.

मालमत्ता पत्रकाची मर्यादा अशी की ते नगर भूमापन झाले तिथून सुरू होते. त्यामागे जायला त्याच कार्यालयात ‘चौकशी नोंदवही’ मागा. भूमापनाच्या वेळी प्रत्येक जागेच्या मालकीची चौकशी झाली, त्यात मालकाने कोणता जुना कागद दाखवला याची नोंद असते. बैनामा (विक्रीचा कागद) अमुक सालचा, वाटणीपत्र अमुक सालचे. ही एक ओळ मिळाली की दुय्यम निबंधकाकडे जुन्या वर्षांच्या वह्या चाळण्याचे महिने वाचतात. तिथे ‘सूची क्रमांक २’ मागायची. ती जागेनुसार लावलेली असते, त्यामुळे नाव माहीत नसले तरी चालते. ऑनलाइन शोधावर जुन्या सालांसाठी विसंबू नका.

नगरपालिकेची कर आकारणी नोंदवही हा लॉजसाठी खरा खजिना, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लोक जातात. मालमत्ता पत्रकाला इमारतीत काय चालते याच्याशी देणेघेणे नसते, घरपट्टीला असते. चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत ‘वापर’ या रकान्यात ‘राहते’ जाऊन ‘लॉजिंग’ किंवा ‘व्यापारी’ कधी आले, खोल्या किती दाखवल्या, नळाची जोडणी कधी झाली, हे ओळीने मिळते. आकड्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. खोल्या कमी दाखवायची रीत जुनीच आहे. सोळा खोल्यांच्या लॉजवर पट्टी दहाचीच असेल तर नवल वाटून घेऊ नका, पण ‘१९६२ साली दहा खोल्या होत्या’ असे छापूही नका.

घर क्रमांक बदलतात, हा इथला हमखास खड्डा. औरंगाबादेत ४-१२-३७ असे तीन भागांचे नंबर सापडतात. वॉर्डांची फेररचना झाली की पुढचे आकडे फिरतात. नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्या वेळची वही काळजीने बघा. औरंगाबादेत ते १९८२ साली झाले, नांदेडला १९९७ साली, लातूर आणि परभणीला २०११ साली. जुना आणि नवा नंबर शेजारी शेजारी असलेली वही एखाद्याच वर्षाची असते. ती मिळेपर्यंत चतुःसीमेवरून जागा जुळवा: पूर्वेला कोण, पश्चिमेला कोणता रस्ता.

कचेरीत वही दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘लॉजचा इतिहास द्यावा’ असे लिहिले की ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेले. ‘सि.स. नं. अमुकच्या १९५६ ते १९८० या कालावधीतील कर आकारणी नोंदवहीच्या पानांची पाहणी करू द्यावी’ असे लिहा. पाहणी मागितली की प्रतींचा खर्च वाचतो आणि शेजारची पानेही नजरेखालून जातात. प्रती लागल्या तर पानाला दोन रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस.

भाड्याचे खटले

मराठवाड्यात ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होईपर्यंत १९५४ चा हैदराबादचा घरभाडे नियंत्रण कायदा चालत होता. त्याखालचे अर्ज भाडे नियंत्रकाकडे, म्हणजे महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याकडे, जात. लॉजच्या तळमजल्यावरचा गाळेवाला आणि मालक यांच्यातला असा एखादा खटला सापडला तर वर्षभराचे काम एका फायलीत होते. त्यात भाडेपावत्या, नकाशा, दोन्ही बाजूंचे जबाब आणि ‘मी इथे अमुक सालापासून आहे’ अशी शपथेवरची वाक्ये असतात. वाचताना एक लक्षात ठेवा: दोन्ही बाजू आपल्या सोयीचे साल सांगतात. भाडेकरू जुना असल्याचे सांगतो, मालक नवा. पावतीवरची तारीख मधली असते आणि तीच धरायची.

उर्दू कागद

१९४८ च्या आधीचे बहुतेक सरकारी आणि व्यवहाराचे कागद उर्दूत असतात, तेही शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या वळणात. छापील उर्दू वाचणाऱ्याला शिकस्ता वाचता येईलच असे नाही. जुन्या वकिलांकडचे मुन्शी, कोर्टाचे भाषांतरकार, गावातले उर्दू शाळेचे निवृत्त शिक्षक यांना विचारा. पूर्ण भाषांतर आधीच करून घेऊ नका, पैसे फुकट जातात. आधी चार गोष्टी काढून घ्या: कागद कसला (बैनामा म्हणजे विक्री, रहननामा म्हणजे गहाण, हिबानामा म्हणजे बक्षीस, तक्सीमनामा म्हणजे वाटणी, किरायानामा म्हणजे भाडे), तारीख, रक्कम आणि हुदूद-ए-अर्बा, म्हणजे चतुःसीमा. कामाचा कागद निघाला तरच पुढचे भाषांतर.

हैदराबाद राज्याचे फसली वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास ‘आजर’ महिन्याने सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला फसली सालात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. दय १३५२ फसली म्हणजे नोव्हेंबर १९४२. तीर १३५२ म्हणजे मे १९४३. ‘बहमन’ महिना डिसेंबर-जानेवारीत पडतो, तिथे दिवस बघितल्याशिवाय साल लिहू नका.

रक्कम हाली शिक्क्यात (निजामाच्या रुपयात) की कलदारमध्ये (ब्रिटिश रुपयात) हेही बघा. ७ हाली म्हणजे ६ कलदार. ३५०० रुपये हालीचा बैनामा म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले ३००० रुपये. गजातले क्षेत्र ०.८३६ ने गुणले की चौरस मीटर होतात. ३०० चौरस गज म्हणजे सुमारे २५१ चौरस मीटर. मालमत्ता पत्रकावर २१० च दिसत असतील तर मधले सुमारे ४० चौरस मीटर कुठे गेले ते शोधा. रस्तारुंदीत गेले, भावाला दिले, की शेजाऱ्याने घेतले? यातूनच समोरचा व्हरांडा का कापला गेला याचे उत्तर निघते.

हैदराबाद संस्थानचे वरचे दफ्तर हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरातही आहे. एका लॉजसाठी हैदराबादेला धाव घेण्याची गरज सहसा पडत नाही. जागा नजूल (सरकारी), इनाम किंवा वक्फ असेल तरच तिकडे वळा, आणि वक्फ असेल तर आधी वक्फ मंडळाच्या नोंदी. व्यापाऱ्याच्या घरातल्या वह्या मारवाडी वळणाच्या महाजनी लिपीत असतील तर त्या जुन्या पेढीवरच्या मुनिमाकडूनच वाचून घ्याव्या लागतात. तिथले वर्ष दिवाळी ते दिवाळी: संवत २००५ म्हणजे १९४८ च्या दिवाळीपासून १९४९ च्या दिवाळीपर्यंत.

रजिस्टरे

मुसाफिरांचे रजिस्टर हा लॉजचा कणा. नाव, कुठून आला, कुठे जाणार, कशासाठी, आल्याची व गेल्याची वेळ, सही. काही वह्यांत मध्ये मध्ये पोलिसांची तपासणीची सही आणि शिक्का असतो, तो तारखेचा पक्का पुरावा.

हाताळताना घाई नको. पुठ्ठ्यावरची धूळ मऊ ब्रशने कण्यापासून बाहेर झाडा. कसर लागली असेल तर वही दोन दिवस सावलीत, वारा लागेल अशी उभी ठेवा. उन्हात टाकलीत तर शाई उडते आणि पाने वाकडी होतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत तो पिवळा पडून अक्षरांसकट निघतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटो काढताना वही खिडकीजवळ ठेवा, उजेड डावीकडून, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर, कडेला सहा इंची पट्टी. फाइलला नाव लगेच द्या: साल, रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक. ‘संध्याकाळी देऊ’ म्हटलेल्या तीनशे फोटोंची नावे कधीच दिली जात नाहीत.

सगळी वही उतरवून काढायची गरज नाही. दर पाचव्या वर्षाचे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांचे पहिले सात दिवस घ्या. वर्षाला २८ दिवस झाले. प्रत्येक नोंदीतून तीनच गोष्टी: कोणता तालुका, कशासाठी, किती रात्री. नावे घेऊच नका. ‘कशासाठी’ या रकान्यात गाव दिसते. ‘मोंढा’, ‘कोर्टकाम’, ‘दवाखाना’, ‘परीक्षा’, ‘मुलगी बघणे’. औरंगाबादेत १९५८ साली विद्यापीठ आले, १९८१ साली हायकोर्टाचे खंडपीठ आले. स्टेशनजवळच्या लॉजवर नांदेड, लातूरकडच्या ‘कोर्टकाम’वाल्यांच्या नोंदी त्यानंतर वाढल्या का, हे मोजून बघण्यासारखे आहे. लातुरात शिकवण्यांसाठी बाहेरगावची पोरे येऊ लागल्यावर जुन्या लॉजच्या खोल्यांत कॉट वाढल्या का, तेही. ‘खाजगी’ हा शेरा मात्र काहीच सांगत नाही, तो वेगळा मोजा. एखाद्या वर्षी तोच निम्म्याहून जास्त निघाला तर त्या वर्षी मॅनेजर आळशी होता एवढेच समजायचे.

महिनेवारी माणसे कुठे सापडतात

रजिस्टर पोलिसांसाठी असते, म्हणून त्यात येणारा-जाणारा लिहिला जातो. बारा वर्षे खोली नंबर ११ मध्ये राहिलेला माणूस त्यात एकदाच येतो, पहिल्या दिवशी. रजिस्टरवरून इतिहास लिहिणाऱ्याला लॉज नुसत्या मुसाफिरांचा वाटतो तो त्यामुळेच. कधी कधी दर महिन्याच्या एक तारखेला तेच नाव, तीच खोली नव्याने लिहिलेली दिसते. हे बहुधा मुद्दाम केलेले असते, खोली धरून बसलेला माणूस भाडेकरूचा हक्क सांगेल या धास्तीने.

यांना शोधायचे तर रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, काढा. समजा लॉजमध्ये ३० कॉट आहेत. रजिस्टरप्रमाणे रात्रीला सरासरी ९ मुसाफिर. रोजमेळात मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात १३ जणांची सारखीच रक्कम जमा. तेच महिनेवारी. खानावळही मालकाचीच असेल तर तिची कूपनबुके किंवा ‘मेंबर’ लोकांची वही बघा; जेवणाचे खाडे, ‘सोमवार एक वेळ’ अशा नोंदी, सणाला गावी गेल्याच्या रिकाम्या चौकटी त्यात असतात. एखाद्या माणसाच्या चौकटी दिवाळीतही भरलेल्या दिसल्या, तर त्याला जायला गाव नव्हते एवढे त्या वहीवरून कळते.

दुसरी जागा मतदार याद्या. एकाच घर क्रमांकावर वेगवेगळ्या आडनावांची, वेगवेगळ्या वडिलांच्या नावांची आठ-दहा पुरुष माणसे ओळीने आली की तो लॉज. जुन्या याद्या जिल्हा निवडणूक शाखेत किंवा एखाद्या राजकीय कार्यकर्त्याच्या कपाटात असतात. कार्यकर्त्याचे कपाट अनेकदा जास्त व्यवस्थित लावलेले निघते. दोन याद्यांत तेच नाव आले तर तो माणूस किमान तेवढी वर्षे तिथे होता.

तोंडी माहिती

कागद निम्मे हाती आल्यावरच माणसांकडे जा, आधी नको. मालकाच्या मुलापेक्षा धोबी, पेपरवाला, समोरचा सलूनवाला आणि जुना रूमबॉय जास्त सांगतात. मालकाला लॉज कधी घेतला ते माहीत असते, पाणी किती वाजता यायचे ते रूमबॉयला.

‘लॉज कधी सुरू झाला?’ हा प्रश्नच विचारू नका. उत्तर ‘लई जुना आहे’ असेच येते. साल गावाच्या खुणांना बांधून विचारा: रझाकाराच्या वेळी, बहात्तरच्या दुष्काळात, आणीबाणीत, विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी, भूकंपाच्या साली. ‘मामा, तुम्ही कामाला लागलात तेव्हा दुष्काळ झाला होता का व्हायचा होता?’ यावर माणूस थांबून विचार करतो. नामांतर म्हणताना १९७८ चे की १९९४ चे, ते लगेच विचारून घ्या. भूकंप म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. लातूर-धाराशिव पट्ट्यात त्याच्या आधीची आणि नंतरची इमारत असा सरळ भेद असतो. भिंतीला लावलेले लोखंडी पट्टे, बदललेला जिना, उतरवलेले माळवद यांच्या तारखा लोकांना त्या दिवसावरून बरोबर आठवतात.

मग रोजचे विचारा. टांगे कुठे उभे राहायचे? आडाचे पाणी वर कोण चढवायचे? ताट किती आण्यांना? बाईमाणसाला एकटीला खोली द्यायचे का? जात विचारून खोली नाकारायचे का? शेवटचा प्रश्न सुरुवातीलाच टाकला तर माणूस मिटतो. पण टाळूही नका, कारण कुणाला खोली मिळत नव्हती हे कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलेले नसते.

छापील साहित्यातून जिल्हा गॅझेटिअर आधी बघा. १८८४ चे औरंगाबादचे आणि नंतर महाराष्ट्र शासनाने काढलेली परभणी (१९६७), बीड (१९६९), नांदेड (१९७१), उस्मानाबाद (१९७२), औरंगाबाद (१९७७) ही. लॉजचे नाव मिळणार नाही, पण किरकोळ व्यवसायांच्या भागात हॉटेले-खानावळींच्या धंद्याचे चित्र मिळते. जाहिरातींसाठी ‘मराठवाडा’ वृत्तपत्राचे जुने अंक, शाळा-कॉलेजांच्या स्मरणिका, गणेश मंडळांच्या पुस्तिका. परभणीचे गणेश वाचनालय, छत्रपती संभाजीनगरचे बलवंत वाचनालय अशा जुन्या संस्थांत विचारा. ‘राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ ही ओळ ज्या अंकात पहिल्यांदा दिसते, त्या तारखेला धंदा सुरू होता हे पक्के. रेल्वेची सालेही हाताशी ठेवा. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास झाली, लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ साली पोचली. ‘स्टेशन रोडवर १८९० पासून’ असा दावा कुणी केला तर तिथेच थांबवता येतो.

लिहिताना

प्रत्येक सालापुढे ते कशावरून ते लिहा: कागद, भिंत की तोंडी. तोंडी असेल तर सांगणाऱ्याचे वय आणि त्या वेळचे काम, नाव त्याची परवानगी असेल तरच. दोन साले जुळत नसतील तर दोन्ही छापा. खोल्यांचा नकाशा काढा, साध्या चौकोनी वहीवर चालतो, पण प्रत्येक खोलीचे माप फुटांत आणि दार-खिडकीची जागा हवी. नऊ बाय दहाच्या खोलीत तीन कॉट हे वाक्यापेक्षा नकाशात लवकर कळते.

आज तिथे राहणारा कुणी महिनेवारी असेल तर त्याचा फोटो, खोली नंबर, गाव यांतले काहीही त्याला विचारल्याशिवाय वापरू नका. कित्येकांनी घरी पत्ता सांगितलेला नसतो. फोटोंच्या दोन प्रती करा. एक मालकाला पेनड्राइव्हवर द्या, दुसरी गावच्या वाचनालयात, सोबत पानांची छापील यादी. मूळ रजिस्टरे मालकाकडेच राहू द्या, पण पोत्यातून काढून जमिनीपासून फूटभर उंच फळीवर, भिंतीला न टेकवता. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा तर कापडात बांधून ठेवा, पानांच्या मध्ये नको, डाग पडतात.